नातं : इतर

पुंता आरेनासला वारा असा सुटतो
की पालिका चौकाचौकांत दोर बांधते
आणि माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात.
त्या दिवशीही तशाच आल्या
वस्तीच्या सभागृहात अकरा जणी
आणि एक बहिरा खलाशी,
हातात नातवंडांनी टाकून दिलेले फोन.

मी रुग्णवाहिकेवर काम करते.
शिकवायचं होतं एवढंच :
तुम्ही पडलात, बोलता येईना,
तर फोनचं कुलूप न उघडता आम्हाला कळावं
तुमचं नाव, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही,
आणि कळवायचं कोणाला.
(माझा स्वतःचा शेवटचा रकाना रिकामा होता.
ते काही मी त्यांना दाखवलं नाही.)

रक्तगटापर्यंत सगळं सुरळीत.
मग खोली गप्प झाली,
छपराचे पत्रे तेवढे वाजत राहिले.

एदुविहिस मान्सिया, वय अठ्ठ्याहत्तर,
चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब :
"मुलगा लिहू? तो अंतोफागास्ताला, खाणीत.
उतरताना फोन कपाटात ठेवतात,
काढतात बारा तासांनी.
मुलगी स्पेनला. ती उचलेल, रडेल.
तिच्या रडण्यावर बसून मी दवाखान्यात जाऊ?"

बराच वेळ बोट अधांतरी.
"रादोमिरो लिही."
कोण रादोमिरो?
"वुकासोविच. कुंपणापलीकडचा. मेला."
वारले?
"नाही गं. नुसताच मेला."

बायकांनी हसू दाबत मला कानात सांगितलं :
त्याच्या कुत्र्याने हिची कोंबडी मारली,
हिच्या रुबार्बची पानं त्याच्या हद्दीत गेली,
त्याने पत्र्याचं कुंपण वीतभर सरकवलं.
अकरा वर्षं अबोला.
सख्खे शेजारी, पक्के वैरी.

"पण रात्री कोणी ओरडलं तर उठतो तो,"
ती फोनकडेच बघत म्हणाली,
"मागल्या गल्लीत आग लागली तेव्हा
पायजम्यावर धावला होता. मी पाहिलंय."

नंबर? तो कुठे होता तिच्याकडे.
मागायला मीच गेले, दोर धरून.
दार चार बोटं उघडलं.
उधारी चुकवावी तसे त्याने एकेक आकडे मोजून दिले
आणि दार लावून घेतलं.
मी वळले, तर पुन्हा उघडलं :
"तिला सांग, मागल्या दाराला आतून कडी घालू नको म्हणावं.
या गुडघ्यांनी मी काय कुंपण चढू?"

फोनने विचारलं, नातं?
खाली यादी उलगडली :
आई, वडील, जोडीदार, भाऊ, मित्र...
वैरी नव्हतं त्यात. शेजारीही नव्हतं.
तिने सगळ्यात तळाचं दाबलं.

ऑगस्टमध्ये, अजून उजाडायचं होतं,
लाकडं आणायला निघाली आणि बर्फावरून गेली.
पावाच्या गाडीवरच्या पोराने आम्हाला कळवलं.
ओठ निळे, जीभ जड,
फोन एप्रनच्या खिशात, ऊबदार.
मी नंबर लावला.
घंटी मला दोनदा ऐकू आली,
एकदा कानात,
एकदा पत्र्यापलीकडून.

तो आला. एका पायात बूट,
तोंडाने शिव्या, बर्फाला की तिला, कळेना.
मी औषध भरत होते. तिच्या फोनात लिहिलं होतं,
'सगळं चालतं.'
"पेनिसिलिन नको," तो खेकसला,
"माझी बायको होती तेव्हाची गोष्ट. फुगली होती ही भोपळ्यासारखी.
विसरते. सगळं विसरते, कोंबडी तेवढी विसरत नाही."

ती वाचली. आता काठीने चालते.
परवा तिकडून गाडी नेताना पाहिलं,
कुंपण आहे तिथेच आहे, ते वीतभर सरकलेलं.
दोन पत्रे फक्त काढलेत,
गुडघे दुखणारा माणूस आडवा होऊन
जाईल एवढे.
बोलत मात्र नाहीत अजून.